क्रेप बँडेजची कुळकथा

चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापुरात यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. शिरांचा आजार कोणालाही होऊ शकतो. पण ज्याला तो आधीच जडलेला असतो, त्याला हे तासन्‌तास उभे राहणे फार महागात पडते.

पायांतले रक्त वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर, आणि शिरांमधल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. चालू लागले की तो तिसाच्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतात, घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी काळवंडते आणि साध्या खरचटण्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशा जखमेवरचा सर्वांत जुना आणि आजही पहिला उपाय म्हणजे बाहेरून दाब देणारे कापड.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले आहेत. बांधायच्या साहित्यात कापसाचे, लोकरीचे आणि रेशमाचे वस्त्र येते. घट्ट, मध्यम आणि सैल असे ताणाचे तीन प्रकार करून हातापायांसाठी मध्यम ताण नेमला आहे. पित्ताच्या जखमेची पट्टी उन्हाळ्यात आणि शरदात दिवसातून दोनदा बांधावी, असेही तिथे म्हटले आहे. रुग्णाला पट्टी सोसवली पाहिजे, हा विचार इतका जुना आहे.

पुढची भर युरोपात पडली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शल्यविशारद रिचर्ड वाइजमन याने १६७६ मध्ये नाडीने आवळायचा चामडी मोजा सुचवला. ब्रिस्टलच्या थॉमस बेंटनने १७९७ मध्ये चिकटपट्ट्यांनी पाय बांधून रुग्णांना हिंडते ठेवले. तोवर अशा जखमेसाठी अंथरुण धरणे हाच परिपाठ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी झिंक ऑक्साइडच्या लेपाची पट्टी रूढ केली.

क्रेप बँडेजची करामत मात्र विणकराची आहे. त्याच्या सुताला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पीळ दिलेला असतो. हे सूत आकसू पाहते, म्हणून रबर न घालताही सुती कापड ताणले जाते आणि परत आवळते. मात्र धुऊन धुऊन हा गुण कमी होतो, आणि दाबही.

दाब घोट्याशी सर्वाधिक आणि गुडघ्याकडे कमी हवा. अमेरिकेतल्या टोलेडोचे अभियंता कॉनरॅड जॉब्स्ट यांना स्वतःलाच शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्यांनी अनुभवले. पाणी खोल तितका दाब जास्त, या हिशेबाने त्यांनी १९५० च्या सुमारास उतरत्या दाबाचा मोजा घडवला. १९८८ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयाने चार थरांची पट्टी मांडली. तिने बारा आठवड्यांत सुमारे तीनचतुर्थांश जखमा भरल्या.

तोवर यश मोजले जाई ते जखमेच्या आकारावरून. २००० मध्ये त्याच रुग्णालयातून या जखमांच्या रुग्णांसाठी खास प्रश्नावली आली. लोकांत मिसळता येते का, घरची कामे होतात का, पायाच्या रूपाची लाज वाटते का, मन खचले आहे का, हे तिने विचारले. या कुळकथेतली ही सर्वांत मोलाची भर आहे. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात खाजणारी, घामाने भिजणारी, चपलेत न मावणारी पट्टी रुग्ण सोडून देतो, आणि सोडलेली पट्टी जखम भरत नाही.

२०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या चाचणीने आणखी एक वाट दाखवली. पट्टीच्या जोडीला बिघडलेली शीर लवकर बंद केली, तर जखम भरायला लागणारा मध्यक काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. म्हणजे लेसर वा तत्सम उपचार आले, तरी पट्टी सुटलेली नाही.

पायाची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल तर शल्यचिकित्सकाला दाखवा. मधुमेह असेल किंवा धमन्यांचा पुरवठा कमी असेल तर घट्ट पट्टी पायाला घातक ठरू शकते, म्हणून रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ती बांधू नका. आणि पट्टी सोसवत नसेल तर मुकाट्याने सोडून देऊ नका. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, ती बदलून मिळू शकते.