फितीवरून फोनवर : नक्कल आणि रूपांतर

लोधीखेडा हे नागपूर–छिंदवाडा मार्गावरील गाव. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या प्रदेशाची राजधानी होती. पुढे राज्याची सीमा बदलली, तरी घरातील मराठी टिकली. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसरचा हा परिसर त्यात आला. गोव्याप्रमाणेच महाराष्ट्राबाहेरच्या अशा पट्ट्यात बोलीचा खरा ठेवा ग्रंथालयात कमी आणि घरातील कपाटात अधिक असतो : लग्नातील गाणी, भजनाची बैठक, जत्रेतील नाटक, आजीच्या ओव्या. तो कॅसेट, सीडी किंवा जुन्या मेमरी कार्डावर असतो. नागपूरकडील उन्हाळ्याने घरी भरलेल्या सीडीवरील रंगद्रव्य खराब होते. गोव्यातील दमट हवेने फितीला बुरशी धरते.

हा ठेवा नव्या साधनावर नेताना बहुतेक हानी एका गैरसमजातून होते. नक्कल म्हणजे फाइल जशीच्या तशी दुसरीकडे ठेवणे; रूपांतर म्हणजे तीच सामग्री वेगळ्या स्वरूपात पुन्हा लिहिणे. गाण्यांची सीडी संगणकात घातली की सीडीए नावाच्या फाइल दिसतात. त्या पेनड्राइव्हवर घेऊन सीडी टाकून दिली, तर हाती काहीच उरत नाही. कारण त्या फाइलमध्ये संगीत नसते, गाणे तबकडीवर कोठे आहे एवढीच खूण असते. सीडीतील आवाज प्रोग्रॅमच्या साहाय्याने वाचून वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात उतरवावा लागतो. व्हीसीडीचे तसे नाही. तिच्यातील डॅट फाइलमध्ये चित्र प्रत्यक्ष असते आणि व्हीएलसीसारखा प्लेअर ती बहुधा थेट चालवतो.

फाइलच्या नावातील शेवटची अक्षरेही फसवी असतात. एमपी४ किंवा एमकेव्ही हा केवळ डबा होय. आतील चित्र कोणत्या पद्धतीने आवळले आहे, ते निराळे. म्हणूनच दोन एमपी४ फाइलपैकी एक जुन्या टीव्हीवर चालते, दुसरीचा फक्त आवाज येतो. नव्या फोनमधील एचईव्हीसी पद्धतीचे चित्रण जुन्या टीव्हीला कळत नाही, ते एच.२६४ मध्ये बदलावे लागते. हॅण्डब्रेक हा विनामूल्य प्रोग्रॅम ते काम करतो. मात्र अडचण डब्याचीच असेल, तर एफएफएमपेगने आतील सामग्रीला हात न लावता डबा बदलता येतो. असे असूनही दुकानात सर्रास पूर्ण रूपांतर केले जाते, आणि चित्राची प्रत विनाकारण उतरते.

एका मिनिटाचा सीडी-दर्जाचा आवाज सुमारे १० एमबी जागा घेतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तो सुमारे १ एमबीत मावतो. ही बचत आवाजाचा काही भाग गाळूनच होते. गाळलेले परत येत नाही. एमपी३ पुन्हा वेव्ह केल्याने फाइल मोठी होते, आवाज नव्हे. पहिली प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये जपावी, ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपी३ काढावी.

फाइल हलवतानाही अडथळे येतात. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असूनही ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही, याचे कारण फॅट३२ ही मांडणी. एक्सफॅट केल्यास ती जाते. त्यापूर्वी आतील सर्व काही अन्यत्र ठेवावे, कारण मांडणी बदलताना ते पुसले जाते. अँड्रॉइड फोन केबलने जोडल्यावर केवळ चार्ज होत असेल, तर फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. व्हॉट्सॲपवर चित्रफीत नेहमीच्या रीतीने पाठवली की ती आवळली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल पोहोचते.

कॅसेटसाठी असा जवळचा रस्ता नाही. ६० मिनिटांची फीत उतरवायला ६० मिनिटेच लागतात. प्लेअरचे हेड पुसून, त्याची लाइन-आऊट तार संगणकाच्या लाइन-इनला जोडून ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रण करता येते. व्हीएचएसची निकड अधिक आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि नवे यंत्र मिळणे संपले. बुरशी दिसणारी फीत यंत्रात घालू नये. ती तुटतेच, शिवाय बुरशी हेडवरून पुढच्या चांगल्या फितीला लागते.