आदिवासी जमिनींचे तारण (नंदुरबार जिल्हा)

आदिवासी जमिनींचे तारण म्हणजे अनुसूचित जमातीच्या खातेदाराने आपली जमीन कर्जाच्या हमीदाखल गहाण ठेवण्याचा व्यवहार होय. शेतजमीन, भूखंड वा इमारत यांत पैसा गुंतवताना कर्ज देणारा प्रथम तारण पाहतो. नंदुरबार जिल्ह्यात हे तारण विशेष कायद्याने बांधलेले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे.

पार्श्वभूमी

तापीखोऱ्यातील सुपीक जमिनींवरून भिल्ल व अन्य आदिवासी शेतकरी कर्जापायी हटत गेले. पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य उचलायचे, त्यासाठी शेत गहाण टाकायचे, व्याज फिटेपर्यंत मुदत टळायची, असा हा क्रम असे. कागदावर अंगठा उठवणाऱ्यास तो गहाणखताचा आहे की खरेदीखताचा, हे वाचता येत नसे. अनेकांवर स्वतःच्याच पूर्वीच्या शेतात सालदार म्हणून राबण्याची वेळ आली. शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती (अंबरसिंग महाराज) यांनी व १९७२ पासून श्रमिक संघटनेने या जमिनी परत मिळाव्यात म्हणून लढा दिला.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ हे ६ जुलै १९७४ पासून लागू झाले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस गहाण वा पट्ट्याने द्यावयाची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि तीही पाच वर्षांपेक्षा अधिक मुदतीसाठी मिळत नाही. विक्री, बक्षीस वा अदलाबदल यांसाठी राज्य शासनाची पूर्वमान्यताही आवश्यक असते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून होणारी विक्रीदेखील या बंधनातून सुटत नाही. मुदत संपल्यावर जिल्हाधिकारी स्वतःहून जमिनीचा ताबा मूळ मालकास देऊ शकतात.

जुन्या व्यवहारांसाठी अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे त्याच्या कक्षेत येतात. जमीन परत घेणाऱ्याने शेतसाऱ्याच्या ४८ पट रक्कम आणि केलेल्या सुधारणांचे मूल्य द्यावे लागते. गरीब कुटुंबास ही रक्कमही लहान नव्हती. या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना आपेलवार खटल्यात मान्य केली.

संस्थात्मक कर्ज

शासन, सहकारी संस्था व बँका यांच्याकडे जमीन तारण ठेवण्याची वाट संहितेने मोकळी ठेवली आहे. असा बोजा सातबारा उताऱ्यावर नोंदवला जातो. तरीही कर्ज थकल्यास ग्राहक मोजकेच मिळणार, हे ठाऊक असल्याने मोठ्या कर्जासाठी अशी जमीन आकर्षक तारण ठरत नाही. परिणामी विहीर, घर वा दुकान यांसाठी भांडवल उभारताना आदिवासी मालकाची जमीन, बाजारभाव चांगला असूनही, त्याच्या फारशी कामी येत नाही. ही अडचण खरी आहे. मात्र बंधने सैल केल्यास सावकारीचा जुना मार्ग पुन्हा खुला होईल, ही भीतीही तितकीच साधार आहे. दुसऱ्या आदिवासीच्या नावावर खरेदी करून पैसा मात्र बिगर-आदिवासीने पुरवायचा, ही बेनामी पळवाट दोन्ही बाजूंनी घातक ठरते: कर्ज सातबाऱ्यावर दिसत नाही आणि जमीन प्रत्यक्षात मालकाच्या हाती राहत नाही.

अक्राणी व अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत प्रश्न आणखी निराळा आहे. तेथे वनहक्क कायदा, २००६ नुसार मिळालेली जमीन वारसास मिळते, परंतु ती विकता वा हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे ती गहाणही ठेवता येत नाही.