गहाण पडलेला वऱ्हाड

यवतमाळ जिल्ह्यात कर्जाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे कापूस पिकवणारा शेतकरी, सावकार आणि बँक उभी राहते. परंतु हा जिल्हा ज्या वऱ्हाडचा भाग, तो सबंध प्रांतच एके काळी कर्जापोटी गहाण पडला होता, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

हे ऋण कशाचे होते? १८०० च्या तहान्वये निजामाने युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीस देण्याचे कबूल केले होते. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिन्जंट’ ही फौज उभी राहिली. १८१७-१८ चे युद्ध संपले तरी ती मोडली गेली नाही आणि तिचा खर्च निजामाच्या तिजोरीवरच राहिला. शांततेच्या काळात ही फौज पोसण्यास निजाम या तहाने बांधलेला नाही, हे खुद्द लॉर्ड डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केले होते. तरीही पगार थकले की कंपनी ते आपल्या खजिन्यातून देई आणि ती रक्कम निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडी.

२१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला निजामाने नव्या तहावर सही केली. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे सुमारे ५० लाखांच्या वसुलाचे प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा, अशी ती रचना होती. दरवर्षी हिशेब द्यावा आणि शिल्लक निजामास परत करावी, असेही ठरले होते.

१८६० च्या तहाने चित्र पालटले. सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला आणि त्याच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. शिल्लक उरल्यास ती देण्याचे वचन कायम होते. पण शिल्लक किती उरली हे ठरवणार कोण, तर ज्याच्या हाती कारभार तोच! आमच्या मते या साऱ्या व्यवहारातील कळीचे कलम हेच. कर्ज फिटले, तरी गहाण सुटले नाही.

त्यानंतरच्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाचे मोल वाढले. १८६४ साली वेगळा काढलेला आणि पुढे वणी नावाने ओळखला गेलेला जिल्हा १९०५ साली यवतमाळ झाला. असा प्रांत सहजासहजी कोण परत करणार? हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वर्षानुवर्षे नेटाने प्रयत्न केले. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख भांडवल ठेवू, मुलूख परत द्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. १८७६ साली ते इंग्लंडलाही जाऊन आले. सत्कार भरपूर झाले. वऱ्हाड मिळाला नाही.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने महबूब अली खान निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. १९०३ साली प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला. पुढच्या निजामाने पुन्हा मागणी केली, तेव्हा १९२६ साली लॉर्ड रीडिंगने सार्वभौम सत्तेपुढे संस्थानिकाला बरोबरीच्या नात्याने वाद घालता येत नाही, असे सुनावले. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. नाव हैदराबादकडे राहिले, मुलूख नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या तहांची भाषा अवश्य पाहावी. आधी ‘स्वाधीन केलेले जिल्हे’, मग ‘ठेव’, शेवटी ‘कायमचा पट्टा’. वस्तुस्थिती तीच, शब्द मात्र दर पिढीला नवा. १८७६ साली इजिप्तच्या आणि १८८१ साली तुर्कस्तानच्या महसुलावर परकीय सावकारांची देखरेख बसली. इजिप्त तर १८८२ साली ब्रिटिश फौजेच्या ताब्यातच गेला. वऱ्हाडचा धडा त्याहून जुना आहे.

आणि या कथेत वणी-यवतमाळचा रयतवर्ग कोठे आहे? तहांच्या कोणत्याही कलमावर त्याची सही नाही. हैदराबाद आणि कलकत्ता यांच्यात जो वसूल वाद्यात होता, तो मात्र त्याच्याच शेतातून निघत होता. ऋणको आणि धनको यांच्या इतिहासात त्याचे नाव आपणच शोधून लिहायला हवे.