नवी गाडी वारंवार बिघडल्यास दाद कशी मागावी?

भिवंडी, प्रतिनिधी : नव्या मोटारीत तोच बिघाड पुनःपुन्हा उद्भवू लागला की 'गाडी बदलून द्या', ही ग्राहकाची पहिली मागणी असते. कायद्याच्या कसोटीवर ती सहजासहजी टिकत नाही. ती टिकवायची असेल तर पुराव्याची तयारी सर्व्हिस सेंटरच्या पहिल्या फेरीपासूनच करावी लागते.

वॉरंटी म्हणजे सर्वसाधारणपणे सदोष भाग विनामूल्य दुरुस्त करून वा बदलून देण्याची हमी. याच कारणास्तव मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश ग्राह्य धरला नाही. मात्र, फिआट इंडियाच्या प्रकरणात २०१० मध्ये, स्वतंत्र तज्ज्ञाने मूलभूत उत्पादनदोष असल्याचा निर्वाळा दिल्यास ग्राहक व्याजासह किंमत परत मिळण्यास पात्र ठरेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. थोडक्यात, बिघाड झाला एवढे पुरेसे नाही. तो कारखान्यातूनच आला, हे सिद्ध व्हावे लागते.

जॉब कार्ड महत्त्वाचे
भिवंडी परिसरातील खड्डे आणि अवजड वाहतूक पाहता, सस्पेन्शन वा क्लचची तक्रार 'रस्त्यामुळे' किंवा 'चालवण्याच्या पद्धतीमुळे' असे सांगून फेटाळली जाऊ शकते. त्यावर उत्तर कागदोपत्रीच द्यावे लागते. प्रत्येक वेळी तक्रार जॉब कार्डवर त्याच शब्दांत नोंदवावी. तारीख, किलोमीटर, बदललेले भाग आणि गाडी वर्कशॉपमध्ये किती दिवस होती, याची नोंद असलेली प्रत घ्यावी. 'जनरल चेकअप' अशी मोघम नोंद स्वीकारू नये. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केल्यास वॉरंटीचा दावा आणि दोषाचा पुरावा दोन्ही धोक्यात येतात.

विक्रेता की कंपनी?
गोव्यातील एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलऐवजी २००९ चे मॉडेल विकले गेले. या प्रकरणात विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचे सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही. त्यामुळे उत्पादनदोषाच्या तक्रारीत विक्रेता व उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करावे आणि प्रत्येकाची चूक स्वतंत्रपणे मांडावी.

यंत्रमाग आणि गोदामांच्या या शहरात गाडी व्यवसायाच्या नावे घेतलेली असू शकते. व्यापारी कारणासाठी खरेदी करणारा कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यास सूट आहे. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली मोटार तेवढ्यावरून व्यापारी ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्सिडीझ गाड्यांच्या प्रकरणात दिला.

तक्रार कुठे?
प्रथम विक्रेता व कंपनीला लेखी नोटीस द्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तडजोडीचा प्रयत्न करता येतो. तो निष्फळ ठरल्यास भिवंडीच्या ग्राहकाला ठाणे येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्यामुळे शोरूम अन्य जिल्ह्यात असले तरी राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोग ऐकतो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही; पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत १००० रुपये आहे.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. 'पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू' या आश्वासनांवर ही मुदत वाढत नाही. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोगाकडे प्रयोगशाळेकडून तपासणीची किंवा तज्ज्ञाच्या अहवालाची मागणी करावी. असा अहवाल नसल्यास दुरुस्ती वा मर्यादित भरपाईवर समाधान मानावे लागण्याची शक्यता अधिक असते.