मदरबोर्डावरचे मोहम्मद अताला

कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बंद पडला की सर्व्हिस सेंटरमधून बहुधा एकच उत्तर मिळतं : अख्खा बोर्ड बदला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर मात्र मल्टिमीटर घेतो आणि प्रोसेसरच्या शेजारी ओळीने बसवलेले छोटे काळे तुकडे तपासू लागतो. त्यांना तो ‘मॉस्फेट’ म्हणतो. हे पॉवर ट्रान्झिस्टर. एखादा शॉर्ट झालेला सापडला की त्याच्या जागी चालणारा दुसरा शोधायचा. या शोधामागे एक मोठा इतिहास आहे आणि त्याच्या सुरुवातीला एका इजिप्शियन माणसाचं नाव आहे.

मोहम्मद अताला यांचा जन्म १९२४ साली पोर्ट सईदला झाला. कैरोत शिकून ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात गेले आणि नंतर बेल लॅब्जमध्ये दाखल झाले. त्या काळी संशोधक एका अडचणीपाशी अडले होते. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून पडत, त्यामुळे बाहेरून दिलेल्या व्होल्टेजचा आत परिणाम होत नसे. अताला यांनी सिलिकॉन तापवून त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर चढवला आणि ही अडचण बरीच आटोक्यात आणली. त्यातूनच १९५९ साली त्यांनी आणि त्यांचे कोरियन सहकारी दावोन कांग यांनी मॉस ट्रान्झिस्टर तयार केला. बेल लॅब्जने तो तेव्हा फारसा मनावर घेतला नाही. पुढचं काम इतर कंपन्यांनी उचललं. अतालांनी १९६१ साली बेल लॅब्ज सोडली.

जास्त करंट पेलणारे मॉस्फेट बाजारात रुळायला सत्तरीच्या दशकाची अखेर उजाडली. इंटरनॅशनल रेक्टिफायरने एकाच चिपवर हजारो सूक्ष्म मॉस्फेट समांतर जोडून ‘हेक्सफेट’ आणला. पुढे कॉम्प्युटरला त्याची गरज वाढतच गेली. ४८६ प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचा, आजचे साधारण १ व्होल्टवर चालतात. पण १ व्होल्टवर १०० वॅट द्यायचे तर करंट १०० अँपिअर लागतो. म्हणून १२ व्होल्टचे १ व्होल्ट प्रोसेसरच्या अगदी शेजारीच करावे लागतात. तिथे मॉस्फेटच्या जोड्या सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. जोडीतला वरचा शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरकडे जाऊ शकतात.

आता बदली शोधण्याची गोष्ट. तोच नंबर मिळेल याचा भरवसा नसतो, कारण कंपन्याच बदलल्या. इंटरनॅशनल रेक्टिफायर २०१५ साली इन्फिनिऑनकडे गेली, फेअरचाइल्ड २०१६ साली ऑन सेमीकंडक्टरकडे. मग नंबर बाजूला ठेवून गुण जुळवावे लागतात. व्होल्टेजची मर्यादा मूळ भागाइतकी हवी. या जागी बहुधा २५ किंवा ३० व्होल्टचा असतो. नवखा शागीर्द म्हणतो, ‘उस्ताद, १०० व्होल्टवाला लावू, जास्त मजबूत.’ इथेच तो फसतो. व्होल्टेजची मर्यादा वाढली की चालू अवस्थेतला रोधही सहसा वाढतो आणि मोठ्या करंटखाली तो भाग तापून जातो. गेटला लागणारा चार्ज जास्त असेल तर स्विच मंद होतो, पुन्हा उष्णता. गेटला बोर्डाकडून ५ व्होल्टच मिळत असतील आणि भाग १० व्होल्टला पूर्ण उघडणारा असेल, तर तो अर्धवट उघडा राहून जळतो. शेवटी आकार आणि पायांची मांडणीही जुळायला हवी.

एवढं करूनही नवा भाग खरा असेलच असं नाही, कारण जुन्या किंवा हलक्या मालावर नवा नंबर छापून विकला जातो. त्यामुळे अनेक कारागीर भंगारातल्या मदरबोर्डवरचा मूळ भाग उतरवून वापरणं पसंत करतात.

या कामात वाचन आहे, गणित आहे, निर्णय आहे. तरी हे करणाऱ्याला आपण ‘मेकॅनिक’ म्हणून मोकळे होतो. त्याच्या हाती बोर्डाचा अधिकृत नकाशाही नसतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, ते याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळाले, तर या कारागिरांचा धंदा टिकेल आणि दुरुस्त होणारे बोर्ड कचऱ्यात जाणार नाहीत.

आपल्या सभांमध्ये अल-ख्वारिज्मी आणि इब्न सीना यांची नावं अभिमानाने घेतली जातात. घ्यावीतच. पण अताला हे नाव तिथे क्वचितच ऐकू येतं आणि त्यांच्या शोधावर रोज हात चालवणाऱ्या आपल्या मोहल्ल्यातल्या पोराचं तर कधीच नाही. डेटाशीट इंग्रजीत असते आणि तो आठवीत शाळा सोडून दुकानात आलेला असतो. त्याला ती नीट वाचता यावी यासाठी संध्याकाळचा एक वर्ग सुरू करता आला, तर जुन्या नावांचा अभिमान बाळगण्याचा आपला हक्क थोडा पक्का होईल.