अंधारातली कंट्रोल रूम आणि गाड्यांच्या बॅटऱ्या

लाइट गेली की इन्व्हर्टर आपला पंखा आणि वायफाय सांभाळतो. अणुवीज केंद्रातल्या बॅटऱ्यांचं काम वेगळं. मोठे पंप त्या चालवत नाहीत; मीटर, दिवे आणि झडपांना हुकूम देणारी सर्किटं जिवंत ठेवतात. हे ‘किरकोळ’ काम थांबलं तर काय होतं?

११ मार्च २०११, जपानमधलं फुकुशिमा दाईची केंद्र. दुपारी २:४६ला भूकंप झाला. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे! मग पाऊण-एक तासात त्सुनामी आली. १३ पैकी १२ जनरेटर निकामी झाले. १ आणि २ नंबरच्या भट्ट्यांच्या बॅटऱ्या तळघरात होत्या, त्यांत पाणी शिरलं. दोन्ही भट्ट्यांची कंट्रोल रूम एकच. तिथले दिवे, काटे, सगळं बंद.

एक नंबरच्या भट्टीला पंपाशिवाय थंड करणारी एक यंत्रणा होती. पण कंट्रोलची वीज गेली की पाइप फुटला असं समजून तिच्या झडपा आपोआप बंद व्हायच्या. सुरक्षेसाठी केलेली सोयच उलटली! झडप उघडी आहे की बंद, हे दाखवणारा दिवाही विझलेला. त्यामुळे भट्टी थंड होतेय की नाही, हे खात्रीनं कळेना.

मग कर्मचाऱ्यांनी आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या. १२ व्होल्टच्या दोन जोडून २४ व्होल्ट केले आणि रात्री नऊनंतर पाण्याचा मीटर जागा झाला. त्यानं सांगितलं, इंधनाच्या वर २० सेंटिमीटर पाणी आहे. प्रत्यक्षात इंधन केव्हाच उघडं पडलं होतं. उष्णतेनं मीटरचंच गणित बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हायड्रोजनचा स्फोट झाला.

आणि तीन नंबरची भट्टी? तिच्या बॅटऱ्या थोड्या वरच्या पातळीवर होत्या, म्हणून वाचल्या. अनावश्यक लोड बंद करून लोकांनी त्या १३ मार्चच्या पहाटेपर्यंत पुरवल्या. शेवटी ती भट्टीही वितळलीच, पण तिथल्या माणसांना निदान दीड दिवस आत काय चाललंय ते दिसत होतं.

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या, १९६९ सालच्या. म्हणून बॅकअपबद्दल दोनच प्रश्न विचारायचे: बॅटरी किती तास चालेल, आणि ती ठेवलीय कुठे? फुकुशिमात दुसरा प्रश्न महागात पडला.

भेटू पुढच्या भागात!