मज्जापेशींचे स्थलांतर

भिलाईच्या पोलाद कारखान्यात शिरस्त्राणावाचून कामावर जाता येत नाही. मोडलेले हाड सांधते, भाजलेली कातडी भरून येते. मेंदूची हानी मात्र कायमची, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकत आल्या. या शिकवणीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

स्पेनमधील थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1913-14 साली असा निर्णय दिला की, प्रौढ मेंदूत मज्जापेशी मरतात. नव्या जन्मत नाहीत. जमल्यास हा कठोर निर्णय भावी विज्ञानाने फिरवावा, असेही त्यांनी लिहून ठेवले होते. शिष्यांनी निर्णय तेवढा पाठ केला, अपेक्षा विसरली!

भिलाईची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये पेटली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1962 साली, अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांच्या मेंदूला हेतुपुरस्सर इजा करून किरणोत्सारी थायमिडीन टोचले. पेशी दुभंगण्यापूर्वी हे द्रव्य आपल्या केंद्रकात सामावून घेते. म्हणून नव्या पेशीवर तिच्या जन्माची खूण राहते. ती खूण काही मज्जापेशींतही आढळली. पण पुष्कळ वर्षे कोणी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. रूढी केवळ अडाण्यांच्याच असतात असे नाही.

1994 साली उंदरांमध्ये असे दिसून आले की, मेंदूतील पोकळीच्या भिंतीलगत जन्मलेल्या पेशी वासाच्या केंद्रापर्यंत दूरचा प्रवास करतात. पुढे कळले की, त्या एकमेकींच्या आधाराने, साखळीने सरकतात. मग इजा झाली तर? 2002 साली स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांना आढळले की, रक्तपुरवठा तुटून उंदराच्या मेंदूचा भाग मेला, म्हणजे या पेशी वाट वळवून तिकडे धाव घेतात. परंतु शेकडा ऐंशीहून अधिक पेशी थोड्याच आठवड्यांत मरतात, आणि मेलेल्या हजार पेशींमागे भरपाई होते ती जेमतेम दोघींची.

माणसाच्या मेंदूतही स्मृतीशी संबद्ध भागात नव्या पेशी जन्मतात, असे 1998 साली प्रसिद्ध झाले. 2018 साली एका गटाने ते नाकारले, तर दुसऱ्याने महिन्याभरातच त्याला दुजोरा दिला.

मग पक्षाघाताने लुळा पडलेला हात काही महिन्यांनी उचलू लागतो, तो कशाच्या बळावर? त्याचे बरेचसे श्रेय वाचलेल्या जुन्या पेशींचे आहे. त्या नवे फाटे फोडतात, शेजारणींशी नवे सांधे जुळवतात. आणि रोग्याकडून रोज तोच घास, तीच वाटी उचलवून घेणारी परिचारिका हे सांधे पक्के करीत असते.